ध्वनिमुद्रित भाषापाठांसाठी क्रॉसओव्हर वारंवारितेची निवड : मराठी व उर्दू उच्चारांच्या संदर्भात

प्रास्ताविक

ज्याचे उच्चार शुद्ध आहेत त्याच्याविषयी उर्दूत ‘त्याचे शीन-क़ाफ़ दुरुस्त आहेत’ असे म्हणण्याची पद्धत आहे. मराठीतही ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांच्या उच्चारावरून माणसाची पारख केली जाते. भाषेच्या वर्गात तर विद्यार्थ्याची अशी पारख रोजच होत असते. आज हा विद्यार्थी पुष्कळदा ध्वनिमुद्रित पाठ ऐकून उच्चार शिकतो. जो फरक मुद्रणातच पुसला गेला आहे, तो त्याच्या तोंडी उमटला नाही म्हणून त्याचे गुण कापणे न्यायाचे होणार नाही.

आता असे पाठ अध्यापक स्वतःच तयार करतात. मोबाईलवर आवाज मुद्रित करायचा, संगणकावर तो ‘स्वच्छ’ करायचा आणि विद्यार्थ्यांना पाठवायचा, असा हा क्रम असतो. या स्वच्छतेच्या टप्प्यावर मल्टिबँड कॉम्प्रेसर नावाचे साधन हाती येते. त्यात आवाजाचे पट्टे कोठे विभागायचे हे ठरवणारे आकडे आधीच भरलेले असतात. हे आकडे बहुधा संगीतासाठी, म्हणजे ढोल, गिटार आणि झांज यांचे ध्वनी वेगळे राखण्यासाठी योजलेले असतात. भाषेच्या पाठासाठी ते तसेच ठेवावेत की बदलावेत, आणि बदलायचे तर कशाच्या आधारावर, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सिल्वासासारख्या ठिकाणी या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. दादरा व नगर हवेली हा प्रदेश २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह एका केंद्रशासित प्रदेशाचा भाग झाला. वारली, कोकणा, धोडिया, गुजराती, मराठी आणि हिंदी अशा निरनिराळ्या घरभाषांचे लोक येथे एकत्र राहतात. कारखान्यांतील रोजगारासाठी दूरच्या राज्यांतून आलेली कुटुंबेही आहेत. अशा वर्गात सर्वांचे कान एकाच ध्वनिव्यवस्थेत घडलेले असतील असे गृहीत धरता येत नाही.

१. बहुपट्ट प्रक्रिया म्हणजे काय?

कॉम्प्रेसर हे साधन मोठा आवाज आवळून लहान-मोठ्या आवाजांतील अंतर कमी करते. साधा कॉम्प्रेसर संपूर्ण आवाजावर एकाच वेळी काम करतो. त्यामुळे ‘प’ म्हणताना मायक्रोफोनवर फुंकर बसली की त्या खोल आवाजाबरोबर पुढचा ‘स’सुद्धा दबला जातो. हा दोष टाळण्यासाठी आवाज प्रथम खालचा, मधला आणि वरचा अशा पट्ट्यांत वाटतात, प्रत्येक पट्टा स्वतंत्रपणे आवळतात आणि शेवटी ते पुन्हा एकत्र करतात. यालाच बहुपट्ट किंवा मल्टिबँड प्रक्रिया म्हणतात. ज्या वारंवारितेवर एक पट्टा संपून दुसरा सुरू होतो, ती क्रॉसओव्हर वारंवारिता होय.

हा शब्द मूळचा ध्वनिक्षेपकांच्या, म्हणजे स्पीकरच्या, रचनेतील आहे. मोठ्या पेटीत खोल आवाजासाठी एक आणि तीव्र आवाजासाठी दुसरा स्पीकर असतो, त्या दोघांमध्ये आवाज वाटून देणारे मंडल म्हणजे क्रॉसओव्हर. सिगफ्रिड लिंकविट्झ यांनी १९७६ साली या वाटणीची एक उत्तम पद्धत प्रसिद्ध केली. त्यांचे सहकारी रस रायली यांच्या नावासह ती ‘लिंकविट्झ-रायली’ म्हणून ओळखली जाते. संगणकावरील अनेक साधनांत आजही हीच पद्धत वापरतात.

२. सीमेवर काय घडते?

क्रॉसओव्हर ही भिंत नसते, तो एक उतार असतो. प्रचलित लिंकविट्झ-रायली रचनेत हा उतार दर सप्तकाला सुमारे २४ डेसिबल असतो. ३५०० हर्ट्झवर सीमा ठेवली, तर १७५० हर्ट्झचा ध्वनी वरच्या पट्ट्यात सुमारे २४ डेसिबलने क्षीण होऊन पोहोचतो. नेमक्या ३५०० हर्ट्झवरचा ध्वनी मात्र दोन्ही पट्ट्यांत निम्म्या-निम्म्या प्रमाणात जातो.

दोन्ही पट्टे न आवळता पुन्हा एकत्र केले, तर बेरीज पूर्ववत होते. एक पट्टा आवळला आणि दुसरा तसाच राहिला, की सीमेच्या दोन्ही बाजूंना आवाजाचा तोल बदलतो. वरचा पट्टा ६ डेसिबलने दबला, तर सीमेवरचा ध्वनी सुमारे अडीच डेसिबलने दबतो आणि खालचा जवळजवळ तसाच राहतो. हा बदल स्थिरही नसतो. कॉम्प्रेसर क्षणाक्षणाला कमी-अधिक आवळत असल्यामुळे तोलही क्षणाक्षणाला हलतो. एखाद्या ध्वनीची ओळख जर नेमकी त्या सीमेवर उभी असेल, तर तिचे दोन तुकडे होतात आणि त्या तुकड्यांचे परस्परप्रमाण बिघडते.

म्हणून निवडीचा पहिला नियम असा मांडता येईल : ज्या वारंवारितांच्या तुलनेवर कान एक ध्वनी दुसऱ्यापासून वेगळा ओळखतो, त्या शक्यतो एकाच पट्ट्यात ठेवाव्यात.

३. आवाजाचे बळ आणि शब्दाची ओळख

बोलण्यातील बहुतेक ऊर्जा १००० हर्ट्झच्या खाली असते, कारण स्वर बलवान असतात आणि ते तेथे वसतात. शब्द ओळखण्याचे काम मात्र त्याच प्रमाणात वाटलेले नाही. बेल प्रयोगशाळेतील फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, इंग्रजी अवयवांच्या आकलनाचे दोन समान भाग करणारी वारंवारिता सुमारे १९०० हर्ट्झ आहे. त्याच्या वरचाच भाग ऐकवला किंवा खालचाच ऐकवला, तरी आकलन सारखेच होते. म्हणजे थोडीशी ऊर्जा असलेला वरचा भाग आकलनाचा निम्मा भार उचलतो.

दुसरी लक्षात घेण्याजोगी बाब कानाच्या रचनेची आहे. झ्विकर यांनी १९६१ साली श्रवणक्षेत्राचे २४ ‘क्रिटिकल बँड’ मांडले. सुमारे ५०० हर्ट्झपर्यंत त्यांची रुंदी साधारण १०० हर्ट्झ असते आणि पुढे ती वारंवारितेबरोबर वाढत जाते. २०,००० हर्ट्झचे तीन समान भाग केले, तर पहिली सीमा ६,६६७ हर्ट्झवर येते आणि जवळजवळ सगळे बोलणे एकाच पट्ट्यात पडते. पट्टे हर्ट्झच्या समान भागांनी मोजू नयेत, सप्तकांच्या हिशेबाने मोजावेत, ते याच कारणामुळे.

४. खालची सीमा

स्वरयंत्राच्या कंपनांची मूळ वारंवारिता प्रौढ पुरुषांत साधारण ८५ ते १८० हर्ट्झ आणि प्रौढ स्त्रियांत १६५ ते २५५ हर्ट्झ असते. मुलांचा आवाज याहून वर असतो. तयार साधनांत पहिली सीमा २०० हर्ट्झच्या आसपास ठेवलेली असेल, तर अध्यापिकेच्या आवाजाला ती गैरसोयीची ठरते. ‘तो आला.’ आणि ‘तो आला?’ ही वाक्ये मराठीत केवळ सुरावटीने वेगळी होतात. प्रश्न विचारताना आवाज १८० वरून २६० हर्ट्झपर्यंत चढला, की तो वाक्याच्या मध्येच एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो आणि त्याचा पोत एकाएकी पालटतो.

बोलण्यासाठी खालच्या पट्ट्याची वेगळी मशागत करण्याची खरे तर गरज नसते. मोबाईलचा लहान स्पीकर ३०० हर्ट्झच्या खालचा आवाज फारसा काढूच शकत नाही. म्हणून तेथे पट्टा पाडण्याऐवजी गाळणी लावावी. पुरुषाच्या आवाजासाठी ७० ते ८० आणि स्त्रीच्या आवाजासाठी १२० हर्ट्झच्या आसपास, त्याखालचा भाग गाळून टाकावा. विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट, पंख्याची घरघर आणि मायक्रोफोनवरची फुंकर यांचा मोठा हिस्सा एवढ्याने निघून जातो.

५. मधला पट्टा : येथे सीमा नको

स्वरांची ओळख फॉर्मंट नावाच्या ऊर्जाशिखरांवरून होते. पुरुषाच्या आवाजात ‘ई’चे पहिले शिखर ३०० च्या आसपास आणि दुसरे २३०० हर्ट्झच्या आसपास असते. ‘ऊ’चे पहिले तेथेच, पण दुसरे ८०० च्या आसपास असते. ‘आ’ची शिखरे साधारण ७०० आणि १२०० हर्ट्झवर येतात. १००० हर्ट्झवर सीमा ठेवली, तर ‘आ’ची दोन शिखरे दोन वेगवेगळ्या पट्ट्यांत जातात.

व्यंजनांचा विचार केला तर हा भाग आणखी नाजूक आहे. ‘वात’ आणि ‘वाट’, ‘मन’ आणि ‘मण’, ‘काल’ आणि ‘काळ’ या जोड्यांतील दंत्य आणि मूर्धन्य वर्णांचा फरक मुख्यतः शेजारच्या स्वराची दुसरी व तिसरी शिखरे कशी वळतात यावर ठरतो. मूर्धन्य उच्चारात तिसरे शिखर खाली, दुसऱ्याच्या जवळ येते. हे वळण साधारण १५०० ते ३००० हर्ट्झ या टापूत घडते. उर्दूतील ‘क़मर’ म्हणजे चंद्र आणि ‘कमर’ म्हणजे कंबर. पडजिभेपाशी उच्चारला जाणारा ‘क़’ हा ‘क’पेक्षा खोल लागतो, आणि त्याच्या शेजारच्या स्वराचे दुसरे शिखरही खाली ओढले जाते. हा फरकही मधल्याच पट्ट्यात राहतो.

अनेक तयार आराखड्यांत २००० हर्ट्झवर एक सीमा असते. संगीतात ती उपयोगी पडत असेल, पण भाषेच्या पाठात ती ‘ण’, ‘ळ’ आणि ‘ट’ यांच्या अंगणातून जाते. म्हणून गाळणीच्या वरपासून निदान ३००० हर्ट्झपर्यंत एकच पट्टा अखंड ठेवावा.

या पट्ट्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘ख’ म्हणताना हवा क्षणभर पूर्ण अडते, ‘ख़’ म्हणताना ती घासत राहते. ‘खाना’ म्हणजे जेवण आणि ‘ख़ाना’ म्हणजे कप्पा किंवा घर, यांतील भेद बराचसा त्या क्षणिक शांततेवर उभा आहे. कॉम्प्रेसर फार आवळला आणि फार लवकर सैल सोडला, तर ती शांतता पंख्याच्या आवाजाने भरून येते. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली मुद्रण केले असेल, तर हा धोका अधिकच असतो. आवळणे ३-४ डेसिबलपुरते मर्यादित ठेवावे.

६. वरची सीमा

खरी निवड येथे करावी लागते. ‘श’ची घर्षणऊर्जा साधारण २००० ते २५०० हर्ट्झपासून सुरू होते आणि ३००० च्या आसपास बलवान असते. ‘स’ची मुख्य ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते, स्त्रियांच्या आवाजात तर ती ६००० च्याही पुढे जाते. हे दोन ध्वनी आपण ओळखतो ते ऊर्जेचा भार कोठे पडतो यावरून. ‘साल’ आणि ‘शाल’ यांत एवढाच फरक आहे.

समजा, ‘स’चा सुसकारा कानाला टोचतो म्हणून ६००० हर्ट्झवर सीमा ठेवली आणि वरचा पट्टा आवळला. ‘स’चा वरचा अर्धा भाग दबेल, ४००० ते ६००० मधला तसाच राहील. ऊर्जेचा भार खाली सरकेल आणि ‘स’ ‘श’कडे झुकेल. ज्याला सुधारायचे, त्यालाच आपण शेजाऱ्याच्या घरात ढकलले.

आता तीच सीमा ३५०० हर्ट्झवर आणा. ‘स’ जवळजवळ पूर्णपणे वरच्या पट्ट्यात येतो. तो दबला तरी अख्खा दबतो, त्याची अंतर्गत घडण फारशी बिघडत नाही. ‘श’ मात्र दुभंगतो, परंतु त्याचा वरचा भाग कमी झाल्यामुळे तो आणखी खाली, म्हणजे ‘स’पासून दूर जातो. यावरून दुसरा नियम मिळतो : एखादा ध्वनी दुभंगणे अटळच असेल, तर सीमा अशी ठेवावी की होणारा बदल त्याला त्याच्या शेजारी ध्वनीपासून दूर नेईल.

पुरुषाच्या आवाजासाठी ३५०० आणि स्त्रीच्या आवाजासाठी ४००० हर्ट्झ ही प्रारंभबिंदू म्हणून योग्य निवड आहे. तेथून कानाने थोडे मागे-पुढे सरकावे.

या पट्ट्यात आणखी काही नाजूक भेद आहेत. उर्दूत ‘जंग’ म्हणजे युद्ध आणि ‘ज़ंग’ म्हणजे गंज, ‘राज’ म्हणजे राज्य आणि ‘राज़’ म्हणजे गुपित. ‘ज़’ची ओळख असलेले घर्षण ‘स’च्याच उंचीवर असते. ते फार दबले की ज्याच्या घरभाषेत ‘ज़’ नाही, त्याला सरळ ‘ज’ ऐकू येतो. ‘फन’ म्हणजे नागाची फणा आणि ‘फ़न’ म्हणजे कला, यांतील ‘फ़’चे घर्षण मुळातच क्षीण आणि विखुरलेले असते.

मराठीत याहून कठीण स्थिती आहे. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि जिवंत राहा या अर्थाचा ‘जग’, चार या संख्येतील ‘च’ आणि ‘चारा’ या शब्दातील ‘च’ यांचे उच्चार भिन्न आहेत. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. दंततालव्य उच्चारात ‘स’च्या जातीचे घर्षण असते. उर्दू लिपी ‘जीम’ आणि ‘ज़े’ ही अक्षरे वेगळी लिहिते, मराठीचे नेहमीचे लेखन मात्र हा भेद दाखवत नाही. हिंदीभाषक घरातून आलेल्या विद्यार्थ्याला तो पुस्तकातून कळण्याची सोय नाही. त्याच्यासाठी आवाज हेच पाठ्यपुस्तक आहे.

येथे मुद्रणाची मर्यादाही तपासावी. सेकंदाला ८००० नमुने घेणाऱ्या मुद्रणात ४००० हर्ट्झच्या वर काहीच उरत नाही, मग तेथे सीमा ठेवून उपयोग काय? मुद्रण ४४,१०० नमुन्यांवर करावे.

७. ऐकणारा कोण आहे?

यावर कोणी म्हणेल की, जुन्या रेडिओवर आणि टेलिफोनवर एवढे सगळे कोठे होते? शंका रास्त आहे. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच टापू वाहून नेत असे. मध्यमलहरी आकाशवाणीच्या केंद्रांना आपल्याकडे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने जागा दिली जाते, त्यामुळे नेहमीच्या रेडिओ संचावर सुमारे ४५०० हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा पोहोचत नाही.

सिल्वासाच्या इतिहासाशी जोडलेलेच एक उदाहरण घेऊ. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले. त्या मुक्तिसंग्रामात गायक-संगीतकार सुधीर फडके यांचा प्रत्यक्ष सहभाग होता. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ पासून, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ फडके यांच्या संगीताने प्रसारित होऊ लागले. आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते झाली. त्या काळच्या रेडिओवर ‘स’चा वरचा भाग बव्हंशी कापला जाई, तरीही महाराष्ट्राने त्यातील शब्द न् शब्द ऐकला.

हे कसे घडले? गायनातील स्वच्छ शब्दोच्चार हे एक कारण. दुसरे कारण ऐकणाऱ्याकडे आहे. श्रोत्याला मराठी येत होती, कथा ठाऊक होती, आणि कानाला जे मिळाले नाही ते स्मरणाने भरून काढले. भाषा शिकू पाहणाऱ्याकडे ही शिल्लक नसते. जाणकाराला पुरेसा वाटणारा आवाज नवख्याला पुरेसा असेलच असे नाही. अध्यापक स्वतःचा पाठ ऐकून ‘ठीक आहे’ म्हणतो, तेव्हा तो जाणकाराच्या कानाने ऐकत असतो. निवडीची परीक्षा म्हणूनच विद्यार्थ्यांच्या कानांवर घेतली पाहिजे.

८. वर्गात करता येण्याजोगी चाचणी

या चाचणीला प्रयोगशाळेची गरज नाही. आपल्या विषयातील जोड्यांची एक यादी करावी. मराठीसाठी वात-वाट, मन-मण, काल-काळ, साल-शाल आणि दोन्ही ‘जग’. उर्दूसाठी जंग-ज़ंग, खाना-ख़ाना, कमर-क़मर, फन-फ़न आणि लगाम या अर्थाचा बाग व बगीचा या अर्थाचा बाग़. या शब्दांतून २० उच्चारांची मिसळलेली मालिका मुद्रित करावी. प्रत्येक उच्चारासाठी उत्तरपत्रिकेवर दोन अर्थ छापावेत आणि विद्यार्थ्याने ऐकलेल्यावर खूण करावी.

मालिका दोनदा ऐकवावी, एकदा मूळ आणि एकदा प्रक्रिया केलेली. क्रम दोन्ही वेळा वेगळा ठेवावा आणि आवाजाची पातळी सारखी राखावी, कारण मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो. अर्ध्या वर्गाला मूळ आधी आणि अर्ध्याला नंतर ऐकवावी. दोनच पर्याय असल्याने निव्वळ अंदाजानेही सुमारे १० उत्तरे बरोबर येतात. अंदाजाने २० पैकी १५ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता मात्र जेमतेम २ टक्के असते.

प्रक्रियेनंतर एखाद्या जोडीत चुका वाढल्या, तर ती जोडीच दोष कोठे आहे ते सांगते. साल-शाल किंवा जंग-ज़ंग बिघडले असेल तर वरची सीमा तपासावी. मन-मण बिघडले असेल तर मधल्या पट्ट्यात एखादी सीमा राहून गेली आहे का ते पाहावे. खाना-ख़ाना बिघडले असेल तर आवळण्याचे प्रमाण आणि वेग कमी करावा. मूळ मालिकेतच एखादी जोडी कोणालाही ओळखू येत नसेल, तर प्रश्न मायक्रोफोनचा, खोलीचा किंवा मुळात त्या भेदाची ओळख करून देण्याचा आहे, क्रॉसओव्हरचा नाही.

समारोप

भाषापाठासाठी चार-पाच पट्टे पाडण्याचे काही कारण नाही. खाली एक गाळणी, ३५०० ते ४००० हर्ट्झच्या दरम्यान एक सीमा आणि तिच्या दोन्ही बाजूंना माफक आवळणे, एवढे बहुतेक पाठांना पुरते. वर दिलेले आकडे प्रारंभासाठी आहेत. अध्यापकाचा आवाज, खोली आणि शिकवायची भाषा यांनुसार ते बदलतील. ज्या अध्यापकांच्या वर्गात वारली, धोडिया किंवा गुजराती घरांतील विद्यार्थी आहेत, त्यांनी त्या त्या मुलांना कोणती जोडी जड जाते याची नोंद ठेवावी आणि आपली यादी त्याप्रमाणे वाढवावी. विद्यार्थ्याचे शीन-क़ाफ़ तपासण्याआधी आपण पाठवलेल्या पाठात ते शाबूत आहेत की नाहीत, एवढी खात्री प्रत्येक अध्यापकाला या साध्या साधनांनी करून घेता येईल.